इजेक्टरचा हिशेब ऊर्जेने का चुकतो: दाबवाढ आणि रेटा यांसाठी जेट इजेक्टरची रचना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इजेक्टर म्हणजे वेगवान झोताच्या जोरावर दुसरा वायू ओढून घेणारे, हलता भाग नसलेले साधन. ८ बार निरपेक्ष दाबाची हवा, म्हणजे चालक हवा, हाताशी आहे. तिच्या जोरावर १ बार दाबाची हवा ओढून घ्यायची आणि दोन्ही मिळून १.५ बार दाबाला सोडायच्या. दोन्हींचे तापमान ३०० केल्विनच्या आसपास आहे. ऊर्जेचा हिशेब मांडल्यावर एक किलो चालक हवेमागे तीन किलोंहून थोडी अधिक हवा ओढली जावी असे उत्तर आले, परंतु प्रत्यक्षात बनवलेला नमुना एक किलोमागे सुमारे ०.७ किलोच ओढतो. चूक कोठे झाली, आणि हाच इजेक्टर पुढे मोकळा सोडला तर नुसत्या नोझलपेक्षा (झोत सोडणाऱ्या तोटीपेक्षा) जास्त रेटा, म्हणजे झोताच्या प्रतिक्रियेचे बल, देईल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो: आपला नमुना बिघडलेला नाही, हिशेबाची पद्धत चुकलेली आहे. ०.७ हा आकडा वाईट तर नाहीच, उलट पहिल्या प्रयत्नासाठी चांगला आहे.

आपण केलेला हिशेब मी पुन्हा करून पाहिला. एक किलो हवा ८ बारपासून १.५ बारपर्यंत आदर्श रीतीने प्रसरण पावली तर सुमारे ११५ किलोज्यूल कार्य देऊ शकते, आणि एक किलो हवा १ बारपासून १.५ बारपर्यंत दाबायला सुमारे ३७ किलोज्यूल लागतात. या दोन आकड्यांचा भागाकार ३.१ येतो. टर्बाइनने कॉम्प्रेसर फिरवला आणि दोन्ही यंत्रे निर्दोष असली, तर हे उत्तर बरोबर ठरले असते. इजेक्टरमध्ये मात्र टर्बाइन नसते आणि कॉम्प्रेसरही नसतो. तेथे वेगवान हवेचा झोत संथ हवेत घुसतो आणि दोन्ही प्रवाह एकमेकांना घासत, घुसळत एका वेगाला येतात. या घुसळणीत जपला जातो तो संवेग. गतिज ऊर्जेचा एक भाग उष्णतेत जातोच जातो, आणि कितीही गुळगुळीत पृष्ठभाग किंवा कितीही नेटकी जोडणी केली तरी तो वाचवता येत नाही. दोन मातीचे गोळे आदळून चिकटतात तेव्हा जे घडते, तेच येथे अखंडपणे घडत असते.

हे नुकसान किती, याचे सूत्र सोपे आहे: ते दोन प्रवाहांच्या वेगांतील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ओढली जाणारी हवा जवळजवळ स्थिर असेल आणि तिचे वस्तुमान चालक हवेइतकेच असेल, तर जेटची निम्मी गतिज ऊर्जा मिश्रणातच संपते. तीनपट असेल तर पाऊण ऊर्जा संपते. म्हणजे जितके अधिक ओढायला जावे तितका हा कर वाढत जातो. यातूनच रचनेचा पहिला नियम निघतो: ओढल्या जाणाऱ्या वायूला मिश्रणापूर्वीच वेग द्यावा, म्हणजे त्याचा दाब मिश्रणाच्या तोंडाशी शोषणदाबापेक्षा थोडा खाली उतरू द्यावा. वेगांतील फरक कमी झाला की नुकसान कमी होते.

आता आपल्याच आकड्यांवर हिशेब करून दाखवतो. प्रत्येक जागी मी नेहमीच्या वापरातील कार्यक्षमता धरली आहे. आपल्याकडे मोजलेले आकडे असतील तर ते घालावेत. चालक हवा सेकंदाला ०.१ किलो धरू, आणि मिश्रण ०.८ बार या स्थिर दाबाला होते असे मानू. ८ बारपासून ०.८ बारपर्यंत आदर्श प्रसरण झाले तर वेग ५३९ मीटर प्रति सेकंद येतो. नोझलची कार्यक्षमता ९५ टक्के धरली की ५२५ उरतो. ओढली जाणारी हवा १ बारपासून ०.८ बारपर्यंत उतरताना सुमारे १९० मीटर प्रति सेकंद वेग घेते. एक किलोमागे ०.८ किलो ओढले जाते असे धरल्यास संवेगाच्या बेरजेवरून मिश्रणाचा वेग ३७६ येतो. नळीच्या भिंतीशी होणारे घर्षण आणि अपुरे मिश्रण यांसाठी संवेगाचा दहावा भाग वजा केला की ३३८ मीटर प्रति सेकंद उरतो. मिश्रणाचे तापमान तेव्हा २४३ केल्विन असते आणि माख अंक १.०८, म्हणजे प्रवाह ध्वनिवेगाच्या किंचित वर असतो. डिफ्यूझरने, म्हणजे शेवटच्या रुंद होत जाणाऱ्या नळीने, या गतिज ऊर्जेपैकी ८५ टक्के दाबात परत दिली तर बाहेरचा दाब १.५१ बार येतो.

म्हणजे आपल्याला हवा असलेला १.५ बार दाब एक किलोमागे ०.८ किलोला मिळतो. ऊर्जेच्या हिशेबाच्या ३.१ शी तुलना केली तर कार्यक्षमता २६ टक्के भरते. वायूवर चालणाऱ्या इजेक्टरसाठी २० ते ३० टक्के ही नेहमीची पातळी आहे. कोणी ५० टक्क्यांचा दावा केला तर त्याची व्याख्या काय आहे ते आधी विचारावे. बहुधा त्याने मिश्रणाचे अटळ नुकसान भाजकातून आधीच वगळलेले असते.

या ठिकाणी जिफारच्या इंजेक्टरचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. आंरी जिफारने १८५८ मध्ये पेटंट घेतलेल्या या साधनात बॉयलरचीच वाफ त्याच बॉयलरच्या दाबाविरुद्ध पाणी आत ढकलते, आणि पाहणाऱ्याला ते अखंडगतियंत्रासारखे भासते. त्याचे रहस्य वाफेच्या द्रवीभवनात आहे. वाफ थंड पाण्यात विरघळल्यासारखी नाहीशी होते, तिचा सगळा संवेग अत्यंत कमी आकारमानाच्या द्रवात एकवटतो, आणि दाट, वेगवान द्रवाचा दाब डिफ्यूझरमध्ये प्रचंड वाढतो. वायू-वायू इजेक्टरमध्ये आकारमान असे कोसळत नाही. त्यामुळे त्या उदाहरणावरून आपल्या नमुन्याबद्दल कोणतीही अपेक्षा बांधू नये.

मिश्रणाचा दाब ०.८ बारच का घेतला, हा प्रश्न रास्त आहे. तोच हिशेब ०.९ बारला केला तर बाहेरचा दाब १.५२ बार येतो, ०.६ बारला केला तर १.४२. म्हणजे शिखर सपाट आहे, आणि फार खाली उतरण्याचा तोटा आहे, कारण जास्त वेगावर घर्षणाचा आणि डिफ्यूझरचा कर जास्त बसतो. निव्वळ आकडे पाहिले तर ०.९ किंचित सरस आहे. तरीही मी ०.८ कडे झुकतो, कारण ०.९ ला ओढली जाणारी हवा संथ असते, तिची वाट रुंद ठेवावी लागते, आणि पुढच्या दाबात जरा चढउतार झाला की त्याचा धक्का सरळ मागे शोषणापर्यंत पोहोचतो. कागदावरचा एक टक्का आणि चालत्या यंत्रातील स्थैर्य यांत निवड करायची झाल्यास मी नेहमी दुसरे घेतो.

स्थिर दाबावरील आणि स्थिर क्षेत्रफळावरील मिश्रण या दोन्ही गृहीतकांचे विश्लेषण कीनन, न्यूमन आणि लस्टवर्क यांनी १९५० मध्ये एकत्र मांडले, आणि आजही बहुतेक प्राथमिक रचना त्याच चौकटीत होतात. दाबवाढीसाठी स्थिर दाबाची रचना सहसा सरस ठरते. परंतु ‘स्थिर दाब’ ही आपण सोयीसाठी केलेली कल्पना आहे. खऱ्या इजेक्टरमध्ये निमुळत्या भागात दाब थोडा खालीवर होतोच, आणि दाबवाढीचा मोठा भाग समांतर नळीत एकापाठोपाठ येणाऱ्या लहान शॉकच्या (दाबाच्या अचानक उड्यांच्या) मालिकेतून घडतो. म्हणून या हिशेबातून मिळणारी मापे ही सुरुवात समजावी.

ती मापे अशी येतात. नोझलच्या थ्रोटचा (सर्वांत अरुंद छेदाचा) व्यास प्रवाहगुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचे गुणोत्तर) धरून ८.४ मिलिमीटर; ०.८ बारला प्रसरण पूर्ण व्हावे म्हणून नोझलच्या तोंडाचा व्यास ११.९ मिलिमीटर. मिश्रणाच्या सुरुवातीला दोन्ही प्रवाहांना मिळून सुमारे २६ मिलिमीटर व्यासाची जागा लागते आणि मिश्रण पूर्ण झाल्यावर २४.३ मिलिमीटरची, म्हणून मधला भाग हळूहळू निमुळता होतो. मिश्रणनळी आणि थ्रोट यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर साडेआठच्या जवळ जाते. इजेक्टरच्या वागणुकीवर या एका गुणोत्तराची सत्ता इतर सर्व मापांपेक्षा जास्त चालते: ते वाढवले की अधिक हवा ओढली जाते पण गाठता येणारा दाब उतरतो, आणि कमी केले की याच्या उलट.

समांतर नळीची लांबी तिच्या व्यासाच्या सहा ते आठपट ठेवावी, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे १७० मिलिमीटर. ती आखूड पडली तर न मिसळलेला वेगवान गाभा डिफ्यूझरमध्ये शिरतो आणि तेथे भिंतीलगतचा संथ सीमास्तर सुटून येतो. लांब झाली तर घर्षण वाढते, परंतु हे नुकसान हळूहळू वाढणारे असते. त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडी लांब बाजू बरी. डिफ्यूझरचा अर्धकोन तीन ते चार अंशांचा असावा. साडेतीन अंश धरून तोंडाचा व्यास ५२ मिलिमीटर केला की लांबी साधारण २२५ मिलिमीटर होते आणि बाहेरचा वेग ५० मीटर प्रति सेकंदाच्या आत येतो. त्यापुढे डिफ्यूझर लांबवून मिळण्यासारखे फारसे उरत नाही. जागा वाचवण्यासाठी कोन सात-आठ अंशांवर नेलेले डिफ्यूझर मी अनेकदा पाहिले आहेत आणि त्यांतील बहुतेकांनी वाचलेल्या जागेची किंमत दाबात वसूल केली.

नोझलचे तोंड मिश्रणनळीच्या समांतर भागाच्या किती आधी असावे, याला अचूक सूत्र नाही. नळीच्या व्यासाच्या अर्ध्या ते दीडपट मागे ही शोधण्याची पट्टी आहे, आणि तिच्यात योग्य जागा प्रयोगानेच सापडते. त्यासाठी पहिल्या नमुन्यात नोझल पुढेमागे सरकवण्याची सोय अवश्य ठेवावी. दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या पुरतात. आपल्या ०.७ वरून ०.८ कडे जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा येथेच आहे. त्याबरोबर नोझल आणि मिश्रणनळी यांचा अक्ष एकच आहे का हेही तपासावे. अर्ध्या मिलिमीटरची तिरकस बसवणी या आकारात खपून जात नाही, कारण जेट भिंतीला चिकटते आणि एका बाजूची ओढ मंदावते.

शोषणाच्या बाजूकडे लोक दुर्लक्ष करतात. शोषणनळीत, गाळणीत आणि वळणांत मिळून ०.०५ बार दाब गेला तर तो आपल्या १ बारमधून सरळ पाच टक्के वजा होतो, आणि इजेक्टरला तेवढे दाबगुणोत्तर जास्त द्यावे लागते. ६५ मिलिमीटरची नळी घेतली तर वेग २० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास राहतो. ती या प्रवाहासाठी पुरेशी आहे. शोषणकक्षातून मिश्रणाकडे जाणारी कड मात्र गोलाईदार हवी.

येथपर्यंत झाले ते एका बिंदूवरचे गणित. खरी अडचण त्या बिंदूच्या आजूबाजूला असते. इजेक्टरला हलणारा भाग नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. आणि त्याची भूमिती ठरलेली असल्यामुळे तो बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेत नाही, हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा. पुढचा दाब हळूहळू वाढवत नेला तर एका मर्यादेपर्यंत शोषण जराही बदलत नाही, कारण ओढली जाणारी हवा आतल्या एखाद्या छेदात ध्वनिवेगाला पोहोचून चोक झालेली असते आणि पुढची बातमी मागे पोहोचत नाही. ती मर्यादा ओलांडली की शोषण झपाट्याने कोसळते, आणि आणखी थोडा दाब वाढवला तर प्रवाह उलटून चालक वायू शोषणनळीत शिरतो. या मर्यादेला संकट-प्रतिदाब म्हणू. जेटभोवतीच्या कंकणाकृती जागेत ओढला जाणारा प्रवाह कसा चोक होतो, याचे स्पष्टीकरण फाब्री आणि सीस्ट्रंक यांनी १९५८ मध्ये दिले, आणि म्हणूनच त्या अवस्थेला फाब्रीचे नाव आहे.

आपल्या रचनेत मिश्रणाच्या तोंडाशी ओढल्या जाणाऱ्या हवेचा माख अंक ०.५७ आहे आणि मिश्रण जेमतेम ध्वनिवेगाच्या वर आहे. म्हणजे एक किलोमागे ०.८ किलो ओढणारी ही रचना कड्याच्या अगदी टोकावर उभी आहे. बाहेरचा दाब १.५ बारला खरोखर स्थिर राहणार असेल तर ते चालेल. तो चढउतार करणार असेल, तर मी एक किलोमागचे शोषण ०.५५ किलोपर्यंत कमी स्वीकारून मिश्रणाचा दाब ०.६ बारच्या आसपास आणतो. त्याच हिशेबाने तो इजेक्टर १.५५ ते १.६ बारपर्यंत तग धरतो. कार्यक्षमता कागदावर उतरते, पण यंत्र रोज चालते.

हा धडा मला एका कामात महागात पडला होता. चाचणीच्या वेळी इजेक्टर ठरल्याप्रमाणे चालला, आणि जागेवर बसवल्यावर आठवड्याभरात शोषण जवळजवळ बंद पडले. नोझल काढून पाहिले, मापे घेतली, गाळणी बदलली, पण काहीच सापडले नाही. अखेर लक्षात आले की आवाजाची तक्रार आल्यामुळे पुढच्या नळीवर कोणीतरी सायलेन्सर बसवला होता आणि त्याने खाल्लेला दाब आमच्या सगळ्या राखीव अंतराहून थोडा जास्त होता. तेव्हापासून इजेक्टरचा दाब मी त्याच्या फ्लॅन्जवर मोजतो; पुढच्या टाकीवरचा गेज विचारात घेत नाही.

शोषण कमी पडले की चालक वायूचा व्हॉल्व्ह आणखी उघडणे ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया असते. इजेक्टर संकट-प्रतिदाबाच्या पलीकडे जाऊन कोसळलेला असेल तर तिचा उपयोग होतो, कारण चालक दाब वाढल्यावर ही मर्यादा वर सरकते. तो आधीच नीट चालत असेल तर मात्र परिणाम उलटा होतो: जेट नोझलबाहेर आल्यावर जास्त फुगते, मिश्रणनळीचा जास्त भाग व्यापते, आणि ओढल्या जाणाऱ्या वायूसाठी उरलेली कंकणाकृती वाट अरुंद होते. चालक वायू जास्त खर्च होतो आणि शोषण जागचे हलत नाही, किंबहुना घटते. म्हणून आधी कोणत्या अवस्थेत आहोत हे ठरवावे, मग व्हॉल्व्हला हात लावावा.

भार मोठ्या पल्ल्यात बदलणार असेल तर दोन उपाय आहेत. एक म्हणजे थ्रोटमध्ये पुढेमागे सरकणारी सुई बसवून चालक प्रवाह बदलणे. दुसरा, वेगवेगळ्या क्षमतेचे दोन-तीन इजेक्टर समांतर लावून गरजेप्रमाणे चालू-बंद करणे. मला दुसरा उपाय पसंत आहे. सुई अक्षावरून जराशी ढळली की जेट वाकडे होते, आणि हलणारा भाग नसणे हा जो मूळ फायदा तोच आपण गमावतो.

झिजेचाही विचार करावा. थ्रोट ८.४ वरून ८.८ मिलिमीटर झाला की क्षेत्रफळ दहा टक्के वाढते, आणि चालक वायूचा खर्चही तेवढाच. ओल्या वाफेवर किंवा कण असलेल्या वायूवर ही झीज फार लवकर होते, म्हणून वाफ कोरडी असणे ही अट कागदावर लिहून घ्यावी. हवेच्या बाबतीत ओलाव्याचा त्रास वेगळ्या प्रकारचा असतो: आपल्या नोझलच्या तोंडाशी वाहत्या हवेचे तापमान १६० केल्विनच्या आसपास उतरते, त्यामुळे हवेतील बाष्प तेथे गोठते आणि मुक्त झालेली उष्णता जेटचा वेग व दाब बदलते. कोरड्या हवेच्या चाचणीचे आकडे ओल्या हवेवर लागू होत नाहीत, याचे एक कारण हे आहे.

नैसर्गिक वायूच्या विहिरींवर, जेथे जास्त दाबाच्या विहिरीच्या जोरावर कमी दाबाच्या विहिरीचा वायू ओढला जातो, तेथे आदर्श वायूचे समीकरण सोडावे लागते. काही दशक बार दाबाला संपीड्यता गुणांक (वायू आदर्श वागणुकीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) एकपासून बराच ढळलेला असतो, आणि दाब उतरताना वायू थंड होऊन हायड्रेट (पाणी आणि वायू यांचे बर्फासारखे स्फटिक) जमण्याचा धोका राहतो. दोन वायूंचे रेणुभार वेगळे असतील तर शोषणाचे आकडेही बदलतात: जड वायू वस्तुमानाने जास्त ओढला जातो आणि हलका कमी. ढोबळ अंदाजासाठी रेणुभारांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ वापरता येते. हवेऐवजी पाण्याची वाफ ओढायची असल्यास वस्तुमानाने सुमारे ०.८ पट शोषण मिळते, ते याच अंदाजाशी जुळते.

संगणकीय प्रवाहगणिताबद्दल दोनच वाक्ये. के-ओमेगा एसएसटी प्रकारचे प्रक्षोभ-प्रतिरूप (प्रवाहातील घुसळणीचे गणिती वर्णन) चोक अवस्थेतील शोषण बऱ्यापैकी अचूक सांगते, परंतु कड्यापलीकडच्या अवस्थेत चुका वाढतात. आणि एकूण शोषण जुळले म्हणजे आतला प्रवाहही जुळला असे होत नाही; भिंतीवरील दाब चार-पाच ठिकाणी मोजून ताडून पाहिल्याशिवाय त्या रंगीत चित्रांवर विश्वास ठेवू नये.

आता रेट्याचा प्रश्न. येथे इजेक्टरकडून आपण दाब मागतच नाही. बाहेरचा दाब वातावरणाचाच असतो. तीच ऊर्जा जास्त वस्तुमानाला कमी वेगाने दिली तर संवेग जास्त मिळतो, या तत्त्वावर रेटावृद्धी उभी आहे. फॉन कार्मान यांनी १९४९ मध्ये याचे सैद्धांतिक विवेचन केले. असंपीड्य प्रवाह, घर्षण नाही, स्थिर क्षेत्रफळाची नळी, डिफ्यूझर नाही आणि यंत्र जागेवर उभे, अशा आदर्श स्थितीत नळी व नोझलच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १० असेल तर रेटा १.४२ पट होतो. गुणोत्तर अमर्याद वाढवत नेले तरी तो दुपटीपलीकडे जात नाही. डिफ्यूझर जोडला तर ही मर्यादा ओलांडता येते, परंतु प्रवाह भिंतीपासून सुटला नाही तरच.

हा वाढीव रेटा कोठे लागतो, हे समजून घेतल्याशिवाय रचनेला हात घालू नये. जेट नोझलवर तो नसतो आणि सरळ नळीच्या आतल्या भिंतीवर तर घर्षणामुळे उलट मागे ओढ असते. तो लागतो नळीच्या गोलाईदार तोंडावर. हवा आत शिरताना त्या वक्र ओठावर दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि तो ओठ पुढे ओढला जातो. धारदार कडेची साधी नळी जेटपुढे धरून ‘रेटा वाढत नाही’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात; त्यांनी रेटा जेथे मिळायचा तो भागच कापून टाकलेला असतो.

आपल्या इजेक्टरमध्ये मिश्रणनळी आणि नोझलचे तोंड यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर जेमतेम ४.२ आहे. वरच्याच आदर्श हिशेबाने त्यातून १.२५ पट रेटा निघतो. नुसते नोझल १ बारपर्यंत प्रसरण देऊन सेकंदाला ०.१ किलो हवेवर सुमारे ५० न्यूटन रेटा देते. म्हणजे आदर्श वाढ १२ न्यूटनांची. लांब मिश्रणनळीचे घर्षण आणि शोषणकक्षाची बंद रचना यांत तीतील मोठा भाग जाईल, आणि उरलेली वाढ मोजण्यासाठीसुद्धा चांगला भारमापक लागेल. दाबवाढीचा इजेक्टर मोकळा सोडून रेटावर्धक होत नाही. रेट्यासाठी क्षेत्रफळांचे गुणोत्तर १० ते २५, उघडे आणि मोठ्या गोलाईचे तोंड, आणि आखूड नळी लागते. आखूड नळीत मिश्रण पूर्ण व्हावे म्हणून एका नोझलऐवजी अनेक लहान नोझले किंवा पाकळ्यांच्या आकाराचे तोंड वापरतात, कारण जेटची परिमिती वाढली की मिश्रण लवकर होते.

प्रयोगशाळेतील वृद्धी विमानावर का टिकत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण रॉकवेल एक्सएफव्ही-१२ए हे आहे. अमेरिकी नौदलासाठी १९७०च्या दशकात बनवलेल्या या विमानाने पंखांत आणि पुढच्या लहान पंखांत बसवलेल्या इजेक्टरच्या जोरावर उभ्याने उड्डाण करणे अपेक्षित होते. प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून ५५ टक्के वृद्धीची अपेक्षा होती. १९७८ मध्ये नासाच्या लँगली केंद्रात दोरांनी टांगून घेतलेल्या चाचण्यांत पंखांतून १९ टक्के आणि पुढच्या पंखांतून केवळ ६ टक्के वृद्धी मिळाली, आणि विमान स्वतःचे वजनही उचलू शकले नाही. इंजिनापासून नोझलपर्यंत वळणावळणाच्या वाहिन्यांतून हवा नेताना जो दाब जातो तो वृद्धीच्या आधीच वजा होतो. प्रयोगाच्या बाकावर हवा सरळ नळीतून येत असल्याने तो तोटा तेथे दिसतच नाही.

वेगात असलेल्या वाहनासाठी परिस्थिती आणखी कठीण आहे. ओढलेली प्रत्येक किलो हवा वाहनाच्या वेगाइतका संवेग आधीच घेऊन येते आणि तो रेट्यातून वजा करावा लागतो. त्याच वेळी तोंडाच्या ओठावरचे शोषणही कमी होते. त्यामुळे जागेवर उभे असताना मिळालेली वृद्धी वेग वाढेल तशी झपाट्याने आटते, आणि काही वेगानंतर नळीचे वजन व तिचा हवेतील रोध एवढेच शिल्लक राहतात. उभे उड्डाण, अगदी कमी वेग किंवा स्थिर चाचणीमंच सोडल्यास साध्या रेटावर्धकाची शिफारस मी करत नाही. पल्सजेटसारख्या (थांबून-थांबून ज्वलन होणाऱ्या इंजिनासारख्या) स्पंदित झोतांसोबत स्थिर झोतापेक्षा बरीच जास्त वृद्धी मिळते, कारण प्रत्येक स्पंदाच्या पुढच्या टोकाशी तयार होणारा भोवरा हवा गोळा करून ढकलतो; त्यामुळे तेथील ऊर्जेचे हस्तांतरण केवळ घुसळणीवर अवलंबून नसते. आपल्याला रेट्यावरच प्रयोग करायचे असतील तर ती वाट अधिक रंजक आहे, मात्र तिला वरचा स्थिर प्रवाहाचा हिशेब लागू पडत नाही.

आपल्या सध्याच्या नमुन्यावर पुढील चाचणी अशी करावी. चालक दाब ८ बारला बांधून ठेवावा, बाहेरच्या बाजूला व्हॉल्व्ह लावून फ्लॅन्जवरचा दाब १.२ बारपासून ०.०५ बारच्या टप्प्यांनी १.७ पर्यंत वाढवावा, आणि प्रत्येक टप्प्यावर शोषण मोजावे. प्रवाह उलटतो तेथे थांबावे, आणि तत्पूर्वी शोषणनळीवर एकदिशा व्हॉल्व्ह बसवलेला असावा. मग नोझल दोन मिलिमीटर मागे घेऊन तीच मालिका पुन्हा करावी. १.२ ते १.४ बारच्या पट्ट्यात शोषण स्थिर राहून त्यापुढे कोसळत असेल तर आपले क्षेत्रफळ-गुणोत्तर मोठे आहे आणि मिश्रणनळी अर्धा ते एक मिलिमीटर बारीक करावी लागेल. सुरुवातीपासूनच शोषण उतरत गेले तर ओढली जाणारी हवा चोक अवस्थेला पोहोचतच नाही, आणि तेव्हा नोझलची जागा व अक्ष यांकडे आधी पाहावे.